तीन चिठ्ठ्या, एक वही

भेडाघाट म्हटलं की लोकांना आठवतात ते नर्मदेचे संगमरवरी कडे, धुवांधारचे उडणारे तुषार आणि होडीत बसल्यावर यमकं जुळवत गप्पा मारणारा नावाडी. मला मात्र आठवतात तीन चिठ्ठ्या. वीतभर लांबीच्या, स्वस्त कागदाच्या, निळ्या शाईत आकडा लिहिलेल्या. त्या चिठ्ठ्यांची गोष्ट आज सांगायची आहे, कारण तशा चिठ्ठ्या तुमच्याही घरात कुठे ना कुठे असतील.

माझी आत्या लग्न होऊन जबलपूरला गेली आणि तिकडचीच झाली. जबलपुरात मराठी घरं काही कमी नाहीत. मराठी बोलताना आत्याच्या तोंडी मध्येच हिंदी येई, पण पुरणपोळी आणि सोवळं-ओवळं अगदी आपल्याकडचं. दर कार्तिकी पौर्णिमेला भेडाघाटावर मोठी जत्रा भरते. आत्या पहाटे उठून तिथे स्नानाला जाई. घाटाच्या वरच्या अंगाला एका सेवाभावी मंडळाचा मांडव असे, ‘मोफत ब्लडप्रेशर व शुगर तपासणी शिबिर’. आत्या न चुकता तिथे रांगेत उभी राही, दंडाला पट्टा बांधून घेई, चिठ्ठी घेई आणि घरी आल्यावर ती चिठ्ठी देवघरातल्या पोथीत ठेवून देई. नर्मदामाईच्या काठावरून आलेला कागद, तो केरात कसा टाकायचा?

एका हिवाळ्यात आत्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. मी मिळेल त्या गाडीने जबलपूर गाठलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘यांना आधीपासून ब्लडप्रेशर होतं का?’’ आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘‘नाही हो, तशी तब्येत ठणठणीत होती.’’

दोन दिवसांनी कसलातरी कागद शोधताना मी पोथी उघडली. आत तीन वर्षांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. पहिलीवर १६८/९८, दुसरीवर १७६/१००, तिसरीवर १८२/१०४. प्रत्येकीच्या खाली रबरी शिक्का, ‘डॉक्टर को दिखाएँ’.

पुढे आत्याची वाचा थोडी सुधारली. तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘अगं आत्या, इतकं स्पष्ट लिहिलं होतं, तू डॉक्टरांना दाखवलं का नाहीस?’’ ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘दरसाल दाखवत होते ना... तिथेच तर दाखवत होते.’’

वाचकहो, या उत्तराने माझी झोप उडाली. तिच्या लेखी ते शिबिर म्हणजेच डॉक्टर होता. मंडळाच्या लेखी त्यांचं काम चिठ्ठी देऊन संपलं होतं. आणि आमच्या लेखी, ती हिंडती-फिरती होती म्हणजे बरी होती. कोणाचीच नियत वाईट नव्हती. मंडळाचे कार्यकर्ते थंडीत पहाटेपासून राबत होते. पण दर वर्षी संध्याकाळी ते एकच गोष्ट मोजत होते, ती म्हणजे आज किती जण तपासले. गेल्या वर्षी ज्यांचा आकडा चढलेला निघाला त्यांचं पुढे काय झालं, हे मोजायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

हातपंप मोजले, पाणी नाही

ही चूक फक्त छोट्या मंडळांची असती तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. मोठ्या योजनांतही ती झाली आहे आणि त्याचं एक उदाहरण याच नर्मदेच्या वरच्या अंगाला आहे.

भेडाघाटाला येणारी नर्मदा मंडल्यावरून येते. मंडला जिल्हा गोंड आणि बैगा लोकांचा. या जिल्ह्यात तिलईपानी नावाचं गाव आहे. जबलपूरला नागपूर रस्त्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे. १९८४ साली ती सुरू झाली. नव्वदच्या दशकात तिथले संशोधक डॉ. तपस चकमा आणि त्यांचे सहकारी तिलईपानीत पोहोचले तेव्हा त्यांना चालताना गुडघे एकमेकांवर घासणारी, पाय बाहेर फेकले गेलेली मुलं दिसली. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. १९९७ साली त्यांनी हे सारं बालरोगतज्ज्ञांच्या एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. कारण होतं पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तिथलं पाणी त्या मर्यादेच्या कित्येक पट पुढे होतं.

आता देशात खेडोपाडी हातपंप का बसवले गेले ते आठवा. उघड्या विहिरी आणि नाल्यांच्या पाण्याने कॉलरा, अतिसार होऊन मुलं दगावत होती. जमिनीतून खोलवरून येणारं पाणी जंतूंपासून सुरक्षित, म्हणून गावोगाव हापसे आले. योजना चांगली होती, तिने असंख्य जीव वाचवले. पण यश मोजलं गेलं ते हापशांच्या संख्येत. काही ठिकाणी खोल खडकातलं पाणी जंतूंनी स्वच्छ असलं तरी फ्लोराइडने भरलेलं होतं. फ्लोराइडला ना वास ना रंग. एका दिवसात कोणी आजारी पडत नाही. वर्षानुवर्षं ते हाडांत साठत जातं, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या वाढत्या मुलांचे पाय वाकतात. मोठ्या माणसाचं वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. म्हणून या रोगावर खरा इलाज एकच, तो होऊ न देणं.

मंडल्यातल्या कामातून पुढे दोन धडे मिळाले. पहिला, पाणी बदला. दुसरा, ताट बदला. कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व पोटात गेलं तर फ्लोराइडचा मार सौम्य होतो. आणि ते स्वस्तात मिळावं म्हणून संशोधकांनी रानातल्या एका भाजीकडे बोट दाखवलं. तिकडे तिला चकोडा म्हणतात. आपल्या विदर्भात तिला तरोटा म्हणतात आणि कोकणात टाकळा. होय, पहिल्या पावसात बांधावर उगवणारा, आपण फुकट खुडून आणतो तोच टाकळा. त्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर असतं.

पण या गोष्टीतला खरा मुद्दा भाजीचा नाही, मोजण्याचा आहे. फ्लोराइडचं पाणी पिणाऱ्याच्या लघवीत फ्लोराइड उतरतं. पाणी खरोखर बदललं असेल तर तो आकडा खाली यायला हवा. म्हणजे ‘आम्ही नवी योजना दिली’ एवढं सांगून भागत नाही; माणसाच्या शरीरालाच विचारता येतं, बाबा रे, तुझ्यापर्यंत काही पोहोचलं का?

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची एक सोपी पद्धत शोधली. नालगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. पद्धत चांगली, खर्च कमी. तरीही अशी फ्लोराइड काढणारी यंत्रं अनेक गावांत बसली आणि काही काळाने बंद पडली. तुरटी कोण आणणार, गाळ कुठे टाकणार, बिघडलं तर कोणाला बोलवायचं, याची उत्तरं आधी शोधलेली नव्हती. कागदावर मात्र यंत्र ‘बसवले’ असंच राहिलं. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतही फ्लोराइडची गावं आहेत. मंडल्याने किंमत मोजून घेतलेला धडा तिथल्या प्रत्येक गावाने पुन्हा स्वतःच्या मुलांचे पाय वाकवून घ्यायचा का? २००८-०९ साली फ्लोरोसिस रोखण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो याचसाठी.

उस्मानाबादच्या बायका

मोजायचं कसं, याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण जगभर गाजलं, पण घराघरांत फारसं माहीत नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बायकांना होतो, लवकर सापडला तर बरा होतो. प्रश्न असा, की खेड्यात तो शोधायचा कोणत्या तपासणीने? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. मग आठ वर्षं वाट पाहिली.

२००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. चौथ्या, म्हणजे तपासणी न झालेल्या भागात सुमारे ३१ हजार बायकांपैकी ६४ जणी या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही तपासणी एकदाच झालेल्या भागात सुमारे ३४ हजारांपैकी ३४. जवळजवळ निम्म्या. आणि बाकी दोन तपासण्या? त्या भागांत मृत्यू म्हणावेत असे घटलेच नाहीत.

जरा थांबून विचार करा. तिन्ही भागांत नर्सबाई तितक्याच राबल्या, तितकीच शिबिरं झाली, तितक्याच बायका लाज बाजूला ठेवून आल्या. ‘किती तपासल्या’ एवढंच मोजलं असतं तर तिन्ही कार्यक्रमांना सारखंच शाबासकीपत्र मिळालं असतं. आठ वर्षांनी ‘किती वाचल्या’ हे मोजलं म्हणून फरक कळला. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकांचाही वाटा आहे. मात्र चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर देशात आणि अमेरिकेत कडक टीका झाली, तीही लक्षात ठेवायला हवी. मोजण्याचीही किंमत असते आणि ती कोण मोजतं हे विचारलं पाहिजे.

त्याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दुसरा अभ्यास केला. दीड लाखाहून अधिक बायका, तपासणी करायला डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. तपासणी तीच, नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. पण ती एकदा नव्हे, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा. तिथे मात्र या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत एकदाच करून जे साधलं नाही, ते मुंबईत चारदा करून साधलं. दोन्ही ठिकाणांत इतर फरकही होतेच. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर एक शहाणपण हाती येतं. एकदा येऊन जाणाऱ्यापेक्षा परत परत येणारा उपयोगी पडतो. उस्मानाबादने ‘आमचं इथे जमलं नाही’ हे लपवलं असतं तर ते शहाणपण आपल्याला मिळालंच नसतं.

भागाकारात खाली कोण?

आता पुन्हा आत्याच्या ब्लडप्रेशरकडे येऊ. २०१७ साली भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही होते. त्यात काही अद्भुत औषध नव्हतं. ठरावीक, स्वस्त गोळ्या, त्या महिनाभर पुरतील इतक्या सरकारी दवाखान्यात मिळतील याची काळजी, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन. आणि मोजायची ती एक साधी गोष्ट, नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

यातली मेख भागाकारात आहे. शंभर जणांची नोंद झाली, वर्षाने चाळीस जण परत आले, त्यातल्या तीस जणांचा आकडा उतरलेला निघाला, असं धरा. ‘आमचे पंचाहत्तर टक्के रुग्ण बरे’ असं म्हणता येईल. खरं उत्तर मात्र शंभरात तीस आहे. जे साठ आलेच नाहीत ते कुठे आहेत? माझी आत्या त्या साठांत होती. भागाकार करताना खाली सगळे घ्या, फक्त आलेले नाही.

आणखी एक. पहिल्या दिवशी रांगेत, थंडीत, घाईत घेतलेला आकडा बऱ्याचदा चढलेला असतो. पुढच्या खेपेला तो थोडा आपोआपच उतरतो. म्हणून एका मोजणीवर कोणाला रोगी ठरवू नये आणि एका उतरत्या आकड्यावर कार्यक्रमाने पाठ थोपटून घेऊ नये. वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसवून, पुन्हा मोजावं.

तुमच्या मंडळासाठी

तुमच्यापैकी कितीतरी जण गणेशोत्सव मंडळात, महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात असाल. शिबिरं भरवत असाल. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो.

शिबिराच्या आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बोला. आकडा चढलेला निघाला तर त्या माणसाला कोणत्या वारी, कोणत्या खोलीत पाठवायचं आणि तिथे गोळ्या शिल्लक आहेत का, हे ठरल्याशिवाय मांडव घालू नका. तुमच्या वस्तीतल्या आशाताईंना बरोबर घ्या. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी हे त्यांच्याही कामात बसतं.

आलेल्या माणसाला विचारून त्याचं नाव, पत्ता, फोन आणि आकडा एका वहीत लिहा. ती वही कुलपात ठेवा. कोणाचा आजार ही चौकातली बातमी नव्हे.

महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने वही उघडा. कोण दवाखान्यात गेलं, कोण गोळ्या घेतंय, कोणाचा आकडा उतरला. जो सापडला नाही त्याच्या नावापुढे ‘सापडला नाही’ असंच लिहा.

आणि वर्षअखेरीला शेजारच्या मंडळाला बोलवून वही दाखवा. जे जमलं ते सांगा, जे फसलं ते आधी सांगा.

मांडव हलला

त्या तीन चिठ्ठ्या घेऊन मी पुढच्या कार्तिकीला भेडाघाटावर गेलो. भांडायला गेलो होतो, खोटं कशाला सांगू. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, ‘‘भैया, ये तो हमारी ही लिखावट है।’’ भांडायचं राहूनच गेलं. त्याच दिवशी त्यांनी बाजारातून जाडजूड वही आणवली.

पहिल्या वर्षी फजिती झाली. जत्रेला लांबलांबच्या खेड्यांतून लोक येतात. फोन लागेनात, पत्ते अपुरे. ज्यांचा आकडा चढलेला निघाला होता त्यांतले निम्मेही सापडले नाहीत. पण मास्तरांनी ते लपवलं नाही. मंडळाच्या बैठकीत वही वाचून दाखवली आणि स्वतःच म्हणाले, ज्या जागी माणूस वर्षातून एकदाच येतो, तिथे वर्षभराचा आजार सांभाळता येत नाही. आता जत्रेत ते फक्त पाणी आणि प्रथमोपचार देतात. तपासणीचा मांडव त्यांनी आपल्या मोहल्ल्यात नेला आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी. तिथे न आलेल्याच्या दारावर जाऊन हाक मारता येते.

आत्या आता काठी घेऊन चालते. तिच्या घरीही एक वही आहे. दर रविवारी शेजारची मुलगी येऊन मोजते आणि आत्या डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत आकडा लिहिते. मी गेलो की आधी वही पुढे करते, मग चहाचं विचारते.

वाचकहो, हा अंक खाली ठेवलात की घरातली पोथी, देवघरातला डबा, फ्रिजवरचे कागद एकदा पाहून घ्या. एखादी चिठ्ठी सापडेल. तिच्यावरचा आकडा वाचा आणि ज्याचं नाव असेल त्याला विचारा, ‘‘यानंतर पुढे काय केलंत?’’